देवाचा वार, सगळ्यांची सुट्टी

(ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, धर्माचा विषय निघाला की आपण देव आहे की नाही, इथून सुरुवात करतो. मी आज त्या वाटेने जाणार नाही. घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका बघा. रात्री साबुदाणा भिजत घालायचा की नाही, हे तिच्यावरून ठरतं. आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो, बटाटा, हिरवी मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. आपल्या आज्यांनी ते उपासाच्या ताटात घेतलं आणि तेच सोवळं झालं.

रविवारचंही असंच आहे. मुंबईचे गिरणी कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते. इंग्रज साहेबाला चर्चसाठी रविवार मोकळा असे, कामगाराला नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. लोखंडे म्हणजे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. भटभिक्षुकीवर कडाडून टीका करणारे. तरीही रविवार का, तर तो आमच्या खंडोबाचा वार आहे, हेही कारण त्यांनी पुढे केलं. १८९० मध्ये गिरणीमालकांना सुट्टी मान्य करावी लागली. येशूचा वार खंडोबाच्या नावाने मागितला आणि तो मिळाला हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्याच कामगारांना. मला हा आपल्या सामाजिक इतिहासातला फार मोठा क्षण वाटतो, आणि शाळेत तो नीट शिकवला जात नाही याचं वाईट वाटतं.

बाहेरही हेच दिसतं. जर्मनीत रविवारची विश्रांती राज्यघटनेतच आहे, त्यामुळे चर्चला न जाणाऱ्यालाही बहुतेक दुकानं बंदच सापडतात. इस्रायलमध्ये शनिवारी बटण दाबणं निषिद्ध मानणाऱ्यांसाठी अनेक इमारतींतली लिफ्ट आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबते. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी केली, पण शुक्रवारची दुपार नमाजासाठी मोकळी ठेवली.

बालीचं उदाहरण मात्र जरा थांबून ऐका. तिथल्या हिंदूंचा न्येपी हा मौनाचा दिवस. चोवीस तास विमानतळ बंद, रस्ते ओस, दिवे मंद. २०१२ मध्ये न्येपी शुक्रवारी आला. मग मुसलमानांनी जवळच्या मशिदीत पायी जावं आणि भोंगा लावू नये, असं ठरलं. दोघांनीही थोडं सोडलं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या ग्वाल्हेरच्या हजीऱ्यावर तानसेन समारोहाची, म्हणजे तानसेनाच्या नावाच्या संगीत महोत्सवाची, सकाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय सांगणार! सूफी संत मोहम्मद गौस यांचा भव्य मकबरा, शेजारी तानसेनाची साधी कबर. सनई झाली की ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा, मग मीलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती, आणि कबरीवर चादर. मराठी कीर्तनकाराची गादी एका सूफीच्या दारात हरीचं नाव घेते आणि कोणाला त्यात अवघड वाटत नाही. त्या सकाळी ऐकणारे मांडी घालून शेजारी शेजारी बसतात. हरिकथा संपली म्हणून कोणी उठून जात नाही.

पण याच शहरात खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा ‘खाता काय’ हा असतो. माझ्या स्वयंपाकघरात काय शिजेल हे मी ठरवावं, ते रास्तच आहे. चार जिने वर, वेगळ्या चुलीवर काय शिजेल हे मी का ठरवावं? उपास मी करतो, तो माझ्यासाठी. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरात भाडेकरू आहेत, म्हणून हे इथे बोलतो आहे. पुढचा मुलगा दारात येईल तेव्हा त्याला भाडं, पाणी आणि रात्री यायची वेळ विचारा, आणि खोली दाखवा.