लांडग्याची झालरीची टोपी

डोक्यावर झालरीची टोपी घालून अंथरुणात पडलेला लांडगा. शेजारी पांघरूण छातीशी धरून त्याच्याकडे तिरकं बघणारी मुलगी. ही लिटल रेड रायडिंग हूड, लाल टोपीवाली मुलगी. फ्रेंच लेखक पेरोच्या परीकथांसाठी फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरेनं काढलेलं हे चित्र. पुस्तक १८६२चं, पॅरिसच्या एत्झेल या प्रकाशकानं छापलेलं. पेरोच्या १६९७च्या गोष्टीत तिला सोडवायला कुणीच येत नाही. लांडगा खातो, संपलं. दोरे त्या घासाच्या आधी थांबतो.

पण हा कागद दोरेच्या हातचा नाही. त्याचं चित्र होतं लाकडावर. ते लाकूड दुसऱ्यानं कोरून ठसा करायचा आणि त्यावरून कागदावर छापायचं.

हे बॉक्सवूड, एका झाडाचं घट्ट, कठीण लाकूड. खोड आडवं कापून चकत्या पाडायच्या आणि सावकाश सुकवायच्या. घाई केली की तडा जातो. खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्राला तुकडे जोडून ठोकळा करावा लागतो. सांधा किंचित उघडला तरी छपाईत पांढरी रेघ उमटते. वर पांढऱ्या रंगाचा पातळ हात. त्यावर दोरे कुंचल्यानं पातळ शाई फिरवायचा, उजेडाच्या जागी पांढरा लावायचा. सगळं उलटं, छापल्यावर सुलट यावं म्हणून.

आता अडचण. शाईची करडी छटा ठशाला छापता येत नाही. उंच राहिलेलं लाकूड काळं उमटतं, कोरलेलं पांढरं राहतं. मधलं काही नाही. करडा दाखवायचा तर रेषांनी, आणि त्या कुठून कशा न्यायच्या हे ठरवतो कोरणारा.

कोरणीची मूठ तळहातात. हात फारसा हलत नाही. वाळूच्या चामडी उशीवर ठोकळाच फिरतो. गालावर रेषा गोलाईबरोबर वळतात, लांडग्याच्या केसांत तुटक होतात. फार जवळ आल्या की शाई भरून डाग. कोरणी घसरली तर तेवढं भोक पाडून बॉक्सवूडची खुंटी ठोकायची, तासायची, पुन्हा कोरायचं. मुलीच्या बुबुळाशी घसरली, तर विचारूच नका.

आणि दोरेची शाई? ती भुशाबरोबर निघून जाते. ठसा पुरा होतो तेव्हा चित्र उरलेलं नसतं.

पुढे चित्राचा फोटो ठोकळ्यावर उतरवू लागले, तेव्हा मूळ चित्रं शिल्लक राहू लागली. मग हाफटोन, म्हणजे बारीक ठिपक्यांनी फोटोच छापायची पद्धत, आला आणि कोरणाऱ्यांचं काम गेलं.

आता खालचे कोपरे बघा. एका बाजूला दोरेची सही. दुसरीकडे, बारीक अक्षरात, कोरणाऱ्याची: या पुस्तकात पानमाकर, पिझां अशी नावं सापडतात. नव्या आवृत्त्यांत कडा छाटताना हीच पट्टी कित्येकदा जाते.