हापशावर कोण गेलं होतं?

लंडन, ऑगस्ट १८५४ ची अखेर. सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटवर हा हापसा. पाण्याला चव चांगली, म्हणून लांबची माणसंही मुद्दाम इथूनच पाणी भरायची. पुढच्या काही आठवड्यांत या हापशाच्या आसपास ६०० हून जास्त माणसं पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, दगावली.

देवी, गोवर मुख्यतः लहान मुलांवर घाला घालायचे. पटकीने कर्ती माणसंही सोडली नाहीत. सकाळी कामाला गेलेला माणूस रात्रीपर्यंत गेलेला असायचा. जुलाब-उलट्यांतून अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात. तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं तेवढा तग धरत नाहीत. १८४८-४९ च्या साथीत इंग्लंड-वेल्समध्ये ५०,००० वर माणसं मेली. आकडेवारीतज्ज्ञ विल्यम फार यांनी ते मृत्यू वयानुसार मांडले. अगदी लहानपणी प्रमाण मोठं, किशोरवयात उतरलेलं, आणि मग वयाबरोबर चढत गेलेलं.

बाई आणि पुरुष यांचं काय? पटकी दूषित पाण्यातून पसरते असं म्हणणारे लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी एक गोष्ट टिपली. साथीच्या सुरुवातीला पुरुष जास्त मरतात, साथ पसरली की बायकांचे आकडे वाढतात. कारण साधं होतं. पुरुष कामानिमित्त हिंडायचे, मिळेल तिथे खायचे-प्यायचे. बऱ्याच बायका घरातच असायच्या, त्यांच्यापर्यंत रोग उशिरा पोचायचा.

पण घरात बसून सुटका होतीच असं नाही. सोहोपासून लांब, हॅम्पस्टेडच्या एका ५९ वर्षांच्या विधवेला पूर्वीपासून ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आवडायचं. रोज गाडीवानाबरोबर बाटली यायची. ती गेली, तिच्याकडे येऊन तेच पाणी प्यायलेली भाचीही गेली. उलट हापशाजवळच्या दारूभट्टीत ७० वर कामगार, सगळे पुरुष; त्यांना बियर मिळायची, हापशाच्या पाण्याची गरज नसायची. त्यांच्यातला एकही मेला नाही. मरण पावलेल्यांत तीन मुलं अशी होती, की त्यांची घरं दुसऱ्या हापशाजवळ होती. शाळा मात्र इथे.

आणि ब्रॉड स्ट्रीट, घर क्रमांक ४०. पाच महिन्यांची मुलगी आजारी. आई तिचे लंगोट बादलीत धुते आणि ते पाणी घरापुढच्या शौचखड्ड्यात ओतते. खड्ड्याची भिंत खचलेली. हापशाची विहीर तिथून तीन फूटही नाही. मुलगी २ सप्टेंबरला गेली. त्याच महिन्यात तिचे वडीलही गेले.

आई वाचली.