आईच्या आत्म्यासाठी प्रार्थना, आणि तिचे गुडघे

मंडळी, 19 जुलै 1940, शुक्रवारची रात्र. ऑक्सफर्डला इंग्रजी लेखक सी. एस. लुईस रेडिओवर हिटलरचं भाषण ऐकत होते. भाषण चालू असेपर्यंत मन थोडंसं तरी डळमळतंच, असं त्यांनी भावाला पत्रात लिहिलं. लुईस स्वतः पहिल्या महायुद्धात लढून जखमी झालेले, आणि तरी हे कबूल करतात. त्याच रविवारी हेडिंग्टन क्वारीच्या चर्चमध्ये उपासना चालू असतानाच त्यांना 'द स्क्रूटेप लेटर्स' हे पुस्तक सुचलं: एका मुरलेल्या सैतानाने आपल्या नवशिक्या भाच्याला लिहिलेली पत्रं.

सैतानाचं नाव स्क्रूटेप, भाचा वर्मवुड. मोहात पाडण्यासाठी भाच्याच्या हवाली केलेला तरुण म्हणजे 'रुग्ण'. देवाला ते 'शत्रू' म्हणतात. अशी 31 पत्रं 1941 मध्ये मे ते नोव्हेंबर 'द गार्डियन' या चर्चच्या साप्ताहिकात आली. आजचं त्या नावाचं दैनिक ते हे नव्हे. मानधन लुईसनी दान केलं. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं.

मोह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेनका येते, सोन्याचं हरीण येतं. स्क्रूटेपला एवढ्या थाटामाटाची गरजच नसते. पहिल्याच पत्रात तो जुनी आठवण सांगतो. ब्रिटिश म्युझियममध्ये एक पक्का नास्तिक वाचत बसलाय, आणि त्याचा विचार हळूहळू देवाकडे वळू लागतो. स्क्रूटेप वाद घालत नाही. जेवायची वेळ झाली, एवढंच सुचवतो. इतका महत्त्वाचा विषय रिकाम्या पोटी कशाला हाताळायचा? माणूस रस्त्यावर येतो. पेपरवाला पोरगा ओरडतोय, 73 नंबरची बस चाललीय. संपलं. पाप म्हणावं असं त्याने काय केलं? भूक लागली होती, तो जेवायला गेला.

सतरावं पत्र खादाडपणावर आहे, पण त्यात भरलेलं ताट नाही. त्यात रुग्णाची म्हातारी आई आहे. तिला फक्त चहा हवा, फार कडक नको, अगदी पांचटही नको, आणि एक छोटासा कुरकुरीत टोस्ट. पुढ्यात आलेलं ती परत पाठवते आणि यालाच साधेपणा समजते. मागणं एवढंसं, पण त्यासाठी सगळं घर तिच्याभोवती नाचतं. माझ्या मते अख्ख्या पुस्तकात याहून धारदार पान नाही. खादाड म्हणजे जास्त खाणारा, हे आपण धरूनच चालतो.

हे लिहिणं सोपं गेलं, पण इतक्या कमी आनंदाने आपण दुसरं काही लिहिलं नाही, असं लुईसनी पुढे नोंदवलंय. मला ते पटतं. सैतानाच्या डोक्याने विचार करायचा, तर स्वतःचं मन खरवडावं लागतं.

मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' असं मागणं आहे. परीक्षा म्हटलं की तारीख ठरलेली, घंटा वाजणार, आपण तयारीनिशी बसणार. लुईसच्या पुस्तकात घंटा वाजतच नाही. रुग्ण रोज प्रार्थना करतो आणि परीक्षा त्या प्रार्थनेतच चालू असते. तिसऱ्या पत्रात स्क्रूटेप शिकवतो: त्याला आईसाठी प्रार्थना करू दे, पण ती तिच्या आत्म्यासाठी असावी, तिच्या संधिवातासाठी कधीच नको. म्हणजे मनातली आई आणि न्याहारीला समोर बसलेली, आवाज चढवणारी आई या दोघी वेगळ्या होतील. पहिलीसाठी तो डोळे मिटेल, आणि उठल्यावर दुसरीवर खेकसेल.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटलं. माझी आई आतल्या खोलीत होती. तिच्यासाठी मी रोज प्रार्थना करत होतो, मनापासून. त्या संध्याकाळी जाऊन विचारलं, गुडघे कसे आहेत? ती बराच वेळ बोलत राहिली. उजवा जास्त दुखतो, हे मला माहीत नव्हतं.