शाळेच्या हातातला अर्धा अर्ज

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापला आहे ‘बारावीनंतर थेट अमेरिका : कॉलेजांची यादी आणि खर्चाचं गणित’. यादीवर बोलणार आहे, खर्चावरही बोलणार आहे. पण त्याच्या आधीची एक बाब आहे, जिच्यापायी दरवर्षी आपल्याकडची चांगली मुलं मागं राहतात. आज समोर पालकांइतकेच शिक्षकही बसले आहेत, म्हणून ती आधी बोलून घेतो.

अमेरिकेतल्या पदवीच्या अर्जाचे दोन भाग असतात. पहिला मुलं स्वतः भरतात. कॉमन ॲप नावाचं संकेतस्थळ दरवर्षी १ ऑगस्टला नव्या अर्जांसाठी उघडतं. हजाराहून अधिक कॉलेजं तिथे अर्ज घेतात, त्यातली जास्तीत जास्त वीस निवडता येतात. ६५० शब्दांपर्यंतचा एक निबंध आणि दहापर्यंत उपक्रम, प्रत्येकाचं वर्णन १५० अक्षरांत. शब्दांत नव्हे, अक्षरांत. मधल्या मोकळ्या जागाही मोजल्या जातात. या भागाची आपल्या घरांत फार काळजी घेतली जाते. मावशी निबंध वाचते, काका वाचतात, खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअरही वाचतात आणि प्रत्येकजण एकेक विशेषण वाढवून देतो.

दुसरा भाग शाळा, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः ज्युनिअर कॉलेज, पाठवते. त्यात गुणपत्रकांचं ट्रान्सक्रिप्ट असतं, शाळेची ओळख करून देणारं स्कूल प्रोफाइल असतं, काउन्सेलरचं, म्हणजे शाळेतल्या विद्यार्थी-मार्गदर्शकाचं, पत्र असतं आणि बहुतेक ठिकाणी एक किंवा दोन विषयशिक्षकांची पत्रं असतात. पुढे सहामाहीनंतर मिडइयर रिपोर्ट आणि बोर्डाच्या निकालानंतर फायनल रिपोर्ट. हा भाग थेट शाळेकडून कॉलेजकडे जातो. माझं म्हणणं एवढंच, की अमेरिकन कॉलेज या भागाला पहिल्या भागाइतकंच, पुष्कळदा जास्त, वजन देतं आणि आपण तो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपाशी उभं राहून उरकतो.

कुठे कुठे अडतं ते सांगतो. अमेरिकन कॉलेजांना नववी ते बारावी अशी चार वर्षांचे गुण हवे असतात, कारण त्यांचं हायस्कूल चार वर्षांचं असतं. आपल्या राज्य मंडळाचा विद्यार्थी नववी-दहावी एका शाळेत करतो आणि अकरावीला प्रवेशफेऱ्यांतून दुसऱ्याच ज्युनिअर कॉलेजात जातो. म्हणजे कागद दोन संस्थांचे. शाळेत गेलं की क्लार्क विचारतात, दहावीचा बोर्डाचा निकाल आहे ना, मग नववीचा कशाला? त्यांचं चुकत नाही. आपल्याकडे नववीचा निकाल पुढे कधी कुणी मागत नाही. म्हणून दहावीचा दाखला घ्यायला जाल त्याच दिवशी नववीच्या निकालाची सही-शिक्क्याची इंग्रजी प्रत घेऊन ठेवा. तीन वर्षांनी ते रजिस्टर सापडेलच असं नाही.

आता अकरावी. आपल्याकडे अकरावी म्हणजे दोन बोर्डांच्या मधलं आरामाचं वर्ष. त्यात मूल इंटिग्रेटेड क्लासला असेल तर कॉलेज फक्त नावापुरतं, हजेरी क्लासची, आणि अकरावीची परीक्षा कुणी मनावर घेत नाही. आता अमेरिकन कॉलेजच्या बाजूनं बघा. नियमित अर्जाची मुदत साधारण १ ते ५ जानेवारी. निकाल मार्चच्या अखेरीस. आपली बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात. म्हणजे निर्णय घेताना तिथे अर्ज वाचणाऱ्यापुढे बारावीचे बोर्डाचे गुण नसतातच. त्याच्यापुढे दहावीचं बोर्ड असतं, अकरावीचा अंतर्गत निकाल असतो आणि बारावीची सहामाही. ज्या वर्षाला आपण आराम म्हणतो, ते सर्वांत ताजं पूर्ण वर्ष म्हणून तो सर्वांत बारकाईनं वाचतो. तिथे दहावीला ९४ टक्के आणि अकरावीला ६१ दिसले, तर ‘त्या वर्षी जेईई चालू होती’ हे त्याला कोण सांगणार? काउन्सेलरच्या पत्रात ते एका वाक्यात सांगता येतं. पण त्यासाठी ते पत्र लिहिणारा माणूस हवा.

टक्क्यांवरून आठवलं. टक्क्यांचं चारपैकी जीपीएमध्ये, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या सरासरी श्रेणीत, रूपांतर करून देऊ नका. कोणी पैसे घेऊन करून देत असेल तरी नको. गुण जसे आहेत तसे, विषयवार, किती पैकी किती, हे लेटरहेडवर छापा. दहावीच्या टक्केवारीत ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आहे, कला-क्रीडेचे सवलतीचे गुण आहेत, तर तसं लिहा आणि सहाही विषयांचे गुण दाखवा. दरवर्षी राज्यात अनेक मुलांना दहावीला शंभर टक्के पडतात. ते कसे मोजले हे प्रोफाइलमध्ये दोन ओळींत दिलं की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

प्रोफाइल म्हणजे एक-दोन पानांचा कागद. बोर्ड कुठलं, माध्यम कुठलं, वर्गात मुलं किती, कुठले विषय उपलब्ध आहेत आणि कुठले नाहीत, गेल्या वर्षी बारावीला ९० टक्क्यांच्या वर किती, ८० च्या वर किती. अर्ज वाचणारा मुलाला त्याच्या शाळेच्या चौकटीत मोजतो. वर्गात सर्वाधिक गुण ८३ असतील आणि तुमच्या मुलीला ८१ असतील, तर ती ८१ ची मुलगी वरच्या रांगेत बसते. प्रोफाइल नसेल तर ती नुसती ८१ ची मुलगी राहते. प्राचार्यांनी हा कागद एकदा करून ठेवला की वर्षाला आकडे बदलले, बस्स. ज्यांच्या कॉलेजात तो नाही, त्यांनी येत्या महिन्यात कराच.

आणि आता पत्रं. इथे थोडा वेळ घेईन.

मूल शिक्षकांकडे जातं आणि म्हणतं, सर, शिफारसपत्र हवंय. सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. हे वाक्य पुण्यात ऐकू येतं, नागपुरात येतं, कोल्हापुरात येतं, पणजीतही येतं. म्हणणारे सर वाईट नसतात. साठ-सत्तर मुलांचे वर्ग, वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामं, इंग्रजीत लिहिण्याचा संकोच. पण मग काय होतं? सतरा वर्षांचं मूल स्वतःबद्दल ‘परिश्रमी, प्रामाणिक आणि आज्ञाधारक’ असं लिहितं. दुसऱ्या सरांसाठी तेच शब्द फिरवून लिहितं. निबंध त्याचाच, दोन्ही पत्रंही त्याचीच. तीन कागदांत एकच आवाज, एकाच प्रकारच्या चुका. वर्षानुवर्षं भारतातून आलेले अर्ज वाचणाऱ्याला ते कळतं. कळलं की तो फक्त पत्र बाजूला ठेवत नाही, सगळ्या अर्जाकडेच संशयानं बघतो. प्रवेश मिळाल्यावर बनावट कागद उघड झाला तर प्रवेश रद्द होतो, शिक्षण चालू असतानाही होतो.

पत्रात त्यांना काय हवं असतं? मूल वर्गात कसं वागतं. त्यानं कुठला प्रश्न विचारला, प्रयोग फसल्यावर काय केलं, शेजारच्याला गणित कसं समजावलं. गुण त्यांना माहीत असतात. शिवाय शिक्षकांच्या फॉर्ममध्ये एक तक्ता असतो, त्यात या मुलाची बाकीच्या मुलांशी तुलना करायची असते. सगळीकडे सर्वोच्च खूण करणारे शिक्षक मुलाचं भलं करत नाहीत. त्यातून ते मुलाला ओळखत नाहीत एवढंच दिसतं.

मग करायचं काय? मुलांनी मसुदा लिहून नेऊ नये, माहितीचा कागद न्यावा. एक पान: तुमच्या विषयात मी कुठला प्रकल्प केला, कुठे अडलो, तुमच्या कुठल्या तासाला काय झालं, मला पुढे काय शिकायचं आहे, मुदती कधी आहेत. तो कागद बारावीच्या जूनमध्ये द्यावा. अकरावीत ज्यांनी शिकवलं तेच शिक्षक बरे, कारण बारावीचे सर ऑक्टोबरपर्यंत मुलाला पुरते ओळखत नसतात. एमआयटीसारख्या ठिकाणी एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं भाषा किंवा समाजशास्त्राच्या शिक्षकाचं लागतं, म्हणून अकरावीत इंग्रजीच्या तासाला बसणं हाही अर्जाचा भाग समजा. सरांना इंग्रजीचा संकोच असेल तर त्यांनी मराठीत लिहावं, शाळेतल्याच इंग्रजीच्या शिक्षकांनी भाषांतर करावं आणि दोन्ही जोडावीत. ‘आज्ञाधारक’ या शब्दापेक्षा मराठीतली खरी चार वाक्यं केव्हाही जड.

काउन्सेलर हे पद आपल्याकडे बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत नसतं. ते काम उपप्राचार्य, प्राचार्य किंवा वर्गशिक्षक करू शकतात. नातेवाईक चालत नाहीत, खासगी सल्लागार चालत नाही. कॉमन ॲपमध्ये आधी फर्पा या, विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेबद्दलच्या अमेरिकन कायद्याखालचं संमतिपत्र मुलांना भरावं लागतं. तिथे पत्र पाहण्याचा हक्क सोडला तरच पत्राला किंमत राहते. ते भरल्याशिवाय शिक्षकांना निमंत्रणाची ईमेल जातच नाही. गेलेली ईमेल स्पॅममध्ये पडते. ती सापडली का, हे सरांना प्रत्यक्ष भेटून विचारा.

ज्यांच्या कॉलेजातून पत्र मिळणं अशक्यच आहे त्यांच्यासाठी: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नऊ पदवी कॅम्पससाठी एकच वेगळा अर्ज असतो. तिथे सहसा शिफारसपत्रं मागत नाहीत, एसएटी ही प्रवेशपरीक्षा बघत नाहीत, आठपैकी चार प्रश्नांची ३५० शब्दांपर्यंत उत्तरं द्यायची असतात. मात्र तिथे परदेशी विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित आर्थिक मदत मिळत नाही.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. तर खर्च आणि यादी, भराभर सांगतो.

मोठ्या खासगी कॉलेजांत राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ८० ते ९५ हजार डॉलरच्या घरात जातो. फाफसा हा सरकारी मदतीचा अर्ज परदेशी मुलांसाठी नाही, त्यात वेळ घालवू नका. मदत कॉलेजच्या स्वतःच्या पैशातून मिळते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडोइन, ब्राउन, नोटर डेम अशा मोजक्याच संस्था परदेशी मुलाची निवड करताना तो पैसे मागतोय का, हे बघत नाहीत. बाकी बहुतेक बघतात. आणि नेमकी इथे चूक होते: ‘आधी प्रवेश मिळू दे, मग मदत मागू’. पुष्कळ ठिकाणी पहिल्या अर्जात मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. घरच्यांना वर्षाला किती झेपेल तो आकडा ऑगस्टमध्येच ठरवा आणि त्यावरून यादी करा, नावावरून नको.

मदतीसाठी बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या आर्थिक स्थितीचा ऑनलाइन फॉर्म, मागतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. नोकरी असेल तर आयकर विवरणपत्र आणि फॉर्म १६. शेती असेल तर विवरणपत्र नसतं. मग तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर. तहसील कचेरीत दिवाळीच्या आधी जा, कारण अर्ली डिसिजनची, म्हणजे पसंतीच्या कॉलेजला आधी करायच्या अर्जाची, मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर असते. अर्ली डिसिजन बांधील असतो, प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं; त्यावर विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर तिघांच्या सह्या लागतात. तो एकाच कॉलेजला करता येतो. मदत अपुरी पडली तर त्यातून सुटता येतं, पण मदतीचा अर्ज वेळेत भरला असेल तरच.

प्रवेश मिळाला की १ मेपर्यंत होकार कळवायचा. मग पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा द्यायचा: बँकेचा दाखला किंवा मंजूर कर्जाचं पत्र. त्यावर कॉलेज आय-२० देतं, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र. सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं ३५० डॉलर शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, १८५ डॉलर व्हिसा अर्जाचं शुल्क, आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. त्या कमाईवर फी भागेल असं धरून हिशेब मांडू नका.

शेवटी नावाबद्दल, कारण हे सगळे कागद त्यावरच जुळतात. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. एसएटी, कॉमन ॲप, आय-२० या सगळ्यांवर मात्र नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. म्हणून पासपोर्ट अकरावीतच काढा आणि त्यात आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. तो रिकामा राहिला तर व्हिसावर सगळं नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (‘फर्स्ट नेम अननोन’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) अशी तीन अक्षरं येतात. मग तिथलं बँक खातं, विद्यार्थी ओळखपत्र, सगळीकडे तेच नाव चढतं. पासपोर्टमधली दुरुस्ती आधी, एसएटीची नोंदणी नंतर.