जांभळ्या रेषा: पेटीच्या स्केचमधील नको असलेले प्रक्षेपण

पडद्यावर दिसतो आहे तो रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाचा बोर्ड. तो ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद आहे आणि त्याला स्क्रूसाठी २.७ मिलिमीटर व्यासाची चार भोके आहेत. या बोर्डासाठी फ्यूजन या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्रिमितीय प्रिंटरवर छापायची पेटी तयार करायची आहे. बोर्डाचे त्रिमितीय मॉडेल आत आणून त्याच्या वरच्या पृष्ठावर स्केच, म्हणजे सपाट रेखाटन, उघडले, आणि आपण अजून एकही रेषा काढलेली नसताना तेथे जांभळ्या रेषा उमटल्या.

या रेषा म्हणजे त्या पृष्ठाच्या कडांचे प्रक्षेपण, म्हणजे मूळ कडांशी जोडलेली त्यांची स्केचमधील प्रत, होय. मूळ कड सरकली की प्रक्षेपित रेषाही तिच्याबरोबर सरकते. पोर्टांच्या, म्हणजे तारा जोडण्याच्या जागांच्या, बाबतीत ही सोय मोलाची आहे. परंतु आपण न मागितलेली प्रत्येक रेषा पेटीला बोर्डाच्या अशा एखाद्या तपशिलाशी बांधून ठेवते, ज्याच्याशी पेटीचे काहीच देणेघेणे नसते.

पहिला त्रास एक्स्ट्रूड करताना, म्हणजे सपाट आकाराला उंची देताना, जाणवतो. २ मिलिमीटर जाडीची भिंत उभी करण्यासाठी आपण दोन आयत काढतो. त्यांच्यामधल्या पट्टीतून एखादी प्रक्षेपित कड आडवी गेली, तर त्या पट्टीचे लहान लहान तुकडे पडतात. त्यांपैकी एक बारीकसा तुकडा निवडायचा राहून गेला की भिंतीत फट राहते, आणि ती अनेकदा छापलेली पेटी हातात आल्यावरच लक्षात येते.

उपाय स्केच उघडण्यापूर्वीच सुरू होतो. प्रेफरन्सेसमधील डिझाइन विभागात स्वयंचलित प्रक्षेपण चालू ठेवणाऱ्या दोन टिकखुणा आहेत: एक स्केचच्या प्रतलावरील भूमितीसाठी आणि दुसरी संदर्भ म्हणून वापरलेल्या कडांसाठी. माझ्या मते पेटीच्या कामात दोन्ही काढून टाकाव्यात. त्यानंतर ‘पी’ कळ दाबून हवे तेवढेच प्रक्षेपित करावे, आणि तेव्हा निवड संपूर्ण बॉडीची, म्हणजे अख्ख्या घन आकाराची, न करता सुट्या कडांची ठेवावी. कारण बॉडी निवडली तर पायच्या चाळीस पिनांसह सगळा पसारा स्केचमध्ये येतो. स्केचही बोर्डाच्या पृष्ठावर न काढता मूळ प्रतलावर किंवा त्यापासून ठरावीक अंतरावर घेतलेल्या प्रतलावर काढणे अधिक सुरक्षित असते.

जुन्या स्केचमध्ये या रेषा आधीच आल्या असतील, तर ज्यांवर एकही माप अवलंबून नाही त्या पुसून टाकाव्यात. ज्या केवळ आधारासाठी हव्या आहेत त्या निवडून ‘एक्स’ कळ दाबावी, म्हणजे त्या कन्स्ट्रक्शन, म्हणजे केवळ मदतीच्या, रेषा होतात आणि क्षेत्राचे तुकडे पाडत नाहीत. स्केच पॅलेट या पर्यायांच्या चौकटीतून प्रक्षेपित भूमिती लपवताही येते, मात्र लपवलेली रेषा स्केचमध्ये आणि तिचे नाते मूळ कडेशी कायम राहते, हे विसरून चालत नाही.

हे नाते किती महाग पडू शकते, हे पायच्याच आवृत्त्यांमधून दिसते. २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ मध्ये बोर्डाचा आकार आणि भोकांमधील ५८ व ४९ मिलिमीटरची अंतरे पाय ३ प्रमाणेच राहिली. पण नेटवर्कच्या तारेसाठीचे इथरनेट आणि यूएसबी या पोर्टांच्या जागांची अदलाबदल झाली आणि पडदा जोडण्याच्या मोठ्या एचडीएमआय पोर्टाच्या जागी दोन मायक्रो एचडीएमआय आले. २०२३ च्या पाय ५ मध्ये इथरनेट पुन्हा जुन्या बाजूला गेले. ज्या पेटीचे स्केच जुन्या बोर्डाच्या सगळ्या कडांवर उभे आहे, तिच्यात नवे मॉडेल बसवले की संदर्भ हरवतात आणि टाइमलाइनवर, म्हणजे केलेल्या कृतींच्या पट्टीवर, पिवळे इशारे दिसू लागतात.

म्हणून भोकांच्या जागा प्रक्षेपणाने न घेता ५८ आणि ४९ ही मापे पॅरामीटर, म्हणजे नाव दिलेली मापे, म्हणून लिहावीत आणि स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला आधार देणारे छोटे खांब, त्यांवर उभे करावेत. पोर्टांची तोंडे मात्र वेगळ्या स्केचमध्ये, फक्त त्या त्या कनेक्टरची बाह्यरेषा प्रक्षेपित करून, छपाईसाठी थोडी मोकळीक देत काढावीत. मग बोर्डाची आवृत्ती बदलली, तर तेवढे एकच स्केच उघडून दुरुस्त करावे लागते, आणि तळ, भिंती व स्टँडऑफ आहेत तसेच राहतात.