आधी मोजणी, मग लढाई: आमिल्कार काब्राल

मंडळी, गिनी-बिसाव आणि केप व्हर्देच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते काब्राल यांच्यावरची भाषणं बहुधा त्यांच्या खुनापासून सुरू होतात. आपण त्याच्या वीस वर्षं मागे जाऊ. १९५३ साली पोर्तुगीज गिनीत, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या आजच्या गिनी-बिसावमध्ये, शेतीची गणना झाली आणि ते काम लिस्बनहून शिकून आलेल्या एका तरुण कृषी अभियंत्याकडे आलं. तो सरकारी भत्त्यावर गावोगाव फिरला. भात किती, भुईमूग किती, जमीन कोण कसतं, पीक शेवटी कोणाच्या घरात जातं, हे सगळं त्याने नोंदवलं. पुढे याच माणसाने पोर्तुगीजांना तिथून घालवण्याची तयारी केली. प्रशिक्षणाचा खर्च पोर्तुगीज सरकारचाच म्हणायचा!

जन्म बाफाता गावचा, १२ सप्टेंबर १९२४. आईवडील केप व्हर्देचे, म्हणजे अटलांटिकमधल्या दुसऱ्या पोर्तुगीज वसाहतीचे, शाळाही तिथलीच. चाळीसच्या दशकात त्या बेटांवर पडलेल्या दुष्काळांत हजारो माणसं मेली. लिस्बनला त्यांनी पदवीसाठी विषय निवडला तो जमिनीच्या धुपेचा.

त्या फिरतीत त्यांना काय दिसलं? किनाऱ्यावरचे बलांता लोक खारफुटी तोडून चिखलाचे बांध घालतात आणि भरतीचं पाणी अडवतात. मग काही पावसाळे जमीन नुसती धुऊ देतात. मीठ उतरलं की लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने वरंबे ओढून भात लावतात. गोव्यातली खाजनं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी आत येतं आणि मीठ धुण्याचं काम पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे नुकसान पुढचे कित्येक हंगाम चालतं. युद्धात असे काही बांध बॉम्बने फुटले, काही डागडुजीला माणूस न उरल्याने.

दुसरी नोंद समाजाची. बलांतांमध्ये राजा नाही, सरदार नाही. गावचे वडीलधारे ठरवतील ते. फुला लोकांत मात्र सरदारांची उतरंड, आणि ते सरदार पोर्तुगीजांशी जोडलेले. लढ्याला पहिली साथ कुठून मिळेल हे त्यांनी यावरून ताडलं, आणि ते बरोबर निघालं.

काब्राल यांच्या पक्षाची, म्हणजे गिनी आणि केप व्हर्दे या दोन्हींच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पीएआयजीसीची, स्थापना १९५६ ची. सुरुवातीचा भर शहरातल्या कामगारांवर होता. ३ ऑगस्ट १९५९ रोजी राजधानी बिसावच्या पिजिगिती धक्क्यावर संपकरी गोदी कामगारांवर गोळीबार झाला. सुमारे पन्नास जण ठार झाले. शहरात हात दाखवला की सरकार तो तोडतं, हे कळल्यावर मोर्चा खेड्यांकडे वळला. शेजारच्या स्वतंत्र गिनी देशाच्या राजधानीत, कोनाक्रीत, कार्यकर्ते तयार होऊ लागले. गावात गेल्यावर साम्राज्यवादावर भाषण ठोकायचं नाही, ही शिकवण. भुईमुगाला भाव काय मिळतो, कर किती भरता, रस्त्याच्या कामाला कोणाला जबरदस्तीने नेलं, हे विचारायचं.

एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींतल्या संघटनांची आघाडी झाली. तीत गोव्याच्या संघटनाही होत्या. गोव्याचे आक्विनो द ब्रागांसा पुढे त्या कामात राहिले. आठ महिन्यांनी गोवा सुटला. गिनीत बंदुकांची सुरुवात जानेवारी १९६३ ला, तित इथल्या ठाण्यावरच्या हल्ल्याने झाली.

वर्षभरात मुक्त भागात नवं दुखणं दिसू लागलं. काही कमांडर आपापल्या इलाक्याचे छोटे राजे होऊन बसले, लोकांवर जुलूम करू लागले. फेब्रुवारी १९६४ मध्ये कासाकाच्या अधिवेशनात काब्राल यांनी त्यांना जाब विचारला. सैन्य पक्षाच्या ताब्यात आणलं. गावसमित्या पाच जणांच्या, त्यात किमान दोन बायका. जनता भांडारं निघाली: शेतकऱ्याने तांदूळ किंवा कातडी द्यायची, कापड, मीठ, साबण न्यायचं. हे भांडार म्हणजे माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी लढाई. भांडारात मीठ नसेल तर स्वातंत्र्याच्या गप्पा कोण ऐकणार?

मोजमाप कमी पडलं ते घरात. पक्षाचं वरचं नेतृत्व बहुतांशी शिकलेल्या केप व्हर्देकरांचं, लढणारे बहुतांशी गिनीचे शेतकरी. ही सल होतीच, आणि पोर्तुगीज ती जाणून होते. शिक्षा झालेल्यांना सुधारून परत कामावर घ्यायचं, असा काब्राल यांचा रिवाज. २० जानेवारी १९७३ च्या रात्री कोनाक्रीत घरासमोर त्यांना गाठणाऱ्या टोळीचा म्होरक्या इनोसेन्सियो कानी पक्षाच्याच नौदलातला, पूर्वी शिक्षा झालेला. त्याने बांधायला दोर काढला, काब्राल यांनी बांधून घ्यायला नकार दिला आणि गोळ्या सुटल्या. पत्नी आना मारिया तिथेच होत्या. पक्षाचे दुसरे नेते आरिश्तिदेस पेरेरा यांना बांधून बोटीत घालून नेलं. ती बोट कोनाक्रीच्या गिनी सरकारच्या नौदलाने समुद्रात अडवली. लिस्बनचा हात यात किती होता, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

मारेकऱ्यांमुळे लढा मात्र थांबला नाही. दोन महिन्यांत सोव्हिएत क्षेपणास्त्रांनी पोर्तुगीज विमानं पडू लागली आणि २४ सप्टेंबर १९७३ रोजी मादिना दो बोएत स्वातंत्र्य जाहीर झालं. ती सल पुन्हा वर आली १४ नोव्हेंबर १९८० च्या बंडात. काब्राल यांचे सावत्र भाऊ, राष्ट्राध्यक्ष लुईस काब्राल, पदच्युत झाले. दोन देशांचा एक पक्ष फुटला आणि केप व्हर्देतल्या शाखेने १९८१ मध्ये वेगळं नाव घेतलं. आज काब्राल यांचं थडगं बिसावच्या आमुरा किल्ल्यात आहे, त्यांच्या नावाचा विमानतळ केप व्हर्देच्या साल बेटावर, आणि २० जानेवारीला सुट्टी दोन्हीकडे असते.