रडणं थांबवणारी बाटली

नमस्कार श्रोतेहो. आज एका औषधाविषयी बोलायचं आहे. गॉडफ्रीज कॉर्डियल त्याचं नाव. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे 1837 ते 1901 या काळात, इंग्लंडच्या गिरणगावांत हे औषध कोपऱ्यावरच्या वाण्याकडेसुद्धा मिळायचं. मँचेस्टर असो, नॉटिंगहॅम असो, चहा-साखर आणायला गेलेली बाई येताना त्याची बाटली घेऊन यायची. काकवी, पाणी, वासासाठी सासाफ्रास नावाच्या झाडाचा अर्क आणि अफू, एवढंच त्यात असे. हे औषध तान्ह्या बाळांसाठी होतं. पोट दुखलं, दात येऊ लागले, रात्री किरकिर केली, की द्यायचा चमचा.

बाळाला अफू का देत असतील, असं तुमच्या मनात आलं असेल. त्यासाठी त्या घरात डोकावून बघायला हवं. गिरणीचा भोंगा पहाटेच व्हायचा. बाळंतपणाची पगारी रजा हा प्रकारच नव्हता. दोन-तीन आठवडे खाडा झाला तर चूल कशी पेटणार? म्हणून अंगावर पिणारं मूल शेजारच्या एखाद्या म्हातारीकडे ठेवून आई कामावर जायची. त्या म्हातारीकडे अशी चार-पाच मुलं असत. दूध विकत घ्यायला पैसे नसत, आणि घेतलेलं दूध चांगलं असेलच असंही नाही. मग पाव पाण्यात कालवून भरवायचा आणि वर कॉर्डियलचा एक चमचा. मुलं निजून राहायची. संध्याकाळी थकून आलेली आईही, पहाटे उठायचंय म्हणून, आणखी अर्धा चमचा द्यायची. म्हातारीने दुपारी किती दिलं, हे तिला ठाऊक नसायचं.

त्या बाटलीतही एक धोका होता. प्रत्येक दुकानदार आपापल्या अंदाजाने कॉर्डियल बनवायचा. त्यामुळे एका दुकानातली बाटली सौम्य, तर दुसऱ्यातली कितीतरी कडक. नेहमीचं दुकान बंद म्हणून पलीकडच्या गल्लीतून बाटली आणली, आणि रोजच्याच मापाने दिलेला चमचा बाळाला सोसला नाही, असं घडायचं. त्यात अफू हळूहळू तळाला बसायची. बाटली नीट हलवली नाही, तर शेवटचे चमचे सगळ्यांत जहाल.

पण एका चमच्याने एकदम गेलेल्या मुलांपेक्षा हळूहळू गेलेली मुलं जास्त होती. अफूने भूक मरते. गुंगीतलं मूल भुकेने रडत नाही, आणि रडत नाही म्हणून त्याला कुणी पाजत नाही. 1864 मध्ये डॉ. हेन्री ज्युलियन हंटर यांनी इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या बालमृत्यूंवर सरकारला अहवाल दिला. ही अफू घेणारी मुलं आक्रसून छोट्या म्हाताऱ्यांसारखी दिसू लागतात, असं त्यात नोंदवलेलं आहे. मृत्यूच्या नोंदीत मात्र अशक्तपणा, आकडी, दात येणं असलं काहीतरी लिहिलं जाई. अफूचा उल्लेखही नसे.

हंटर ज्या भागात फिरले, त्यात केंब्रिजशर आणि लिंकनशरचा पाणथळ प्रदेश होता. त्याला फेन्स म्हणतात. तिथे हिवतापाने आणि संधिवाताने माणसं बेजार असत. परसात अफूची झाडं लावून बोंडांचा काढा करण्याची तिथली जुनी रीत. पुढे बाजाराच्या दिवशी दुकानातून अफूच्या गोळ्या घेऊन जाणं हे मीठ-मिरची नेण्याइतकं साधं झालं. खरं सांगायचं तर त्या काळी अफूइतका गुण देणारं दुसरं होतं तरी काय? वेदना थांबतात, खोकला बसतो, जुलाब आटोक्यात येतात. अ‍ॅस्पिरिन बाजारात आलं ते 1899 मध्ये. डॉक्टरची फी मजुराला परवडायची नाही, आणि परवडली तरी डॉक्टर स्वतः पाऱ्याच्या गोळ्या आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचाच क्षार, लिहून देत.

चांगल्या घरांतली स्थितीही फार वेगळी नव्हती. इझाबेला बीटन यांचं घरकामावरचं गाजलेलं पुस्तक 1861 मध्ये निघालं. त्यात घरी कोणती औषधं असावीत याची यादी आहे. सोनामुखीची पानं, जवसाचं तेल, एप्सम मीठ, आणि त्याच रांगेत कॅलोमेल, अफूची पूड आणि लॉडनम, म्हणजे दारूत उतरवलेली अफू. जवसाचं पोटीस, छातीला मोहरीचा लेप, एरंडेल असे उपायही तिकडे घरोघरी चालत. त्यांनी निदान जीव तरी जात नसे. बीटनबाई स्वतः 1865 मध्ये, चौथ्या बाळंतपणानंतरच्या तापात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या. त्या तापावर त्या कपाटात काहीच नव्हतं.

आता लोकांचा विश्वास कसा बसला, ते सांगतो. या तयार औषधांना पेटंट औषधं म्हणत, पण बहुतेकांनी पेटंट घेतलेलंच नव्हतं. पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते उघड करावं लागतं, आणि हा सगळा धंदा गुपितावर चाललेला. बाटलीवर दिसायचा तो सरकारी कराचा शिक्का. सरकारला कर मिळाला, एवढाच त्याचा अर्थ. घेणाऱ्याला मात्र वाटायचं, सरकारने हे औषध तपासून पास केलंय. अनेक विक्रेत्यांनी हा गैरसमज दूर करण्याऐवजी जाहिरातीत वापरून घेतला.

आणि जाहिराती तरी किती! थॉमस हॉलोवे याने 1837 मध्ये मलम आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. शेवटच्या वर्षांत तो जाहिरातींवर वर्षाला सुमारे 50,000 पौंड खर्च करत होता. या धंद्यातल्या कमाईतून त्याने लंडनजवळ एगहॅमला स्त्रियांसाठी भव्य कॉलेज बांधलं. 1886 मध्ये खुद्द राणीने त्याचं उद्घाटन केलं. ते कॉलेज मोलाचं आहे, पण त्याच्या विटा कुणाच्या शिलिंगांतून आल्या, हे विसरू नये असं मला वाटतं. बीचम नावाच्या दुसऱ्या विक्रेत्याच्या गोळ्यांचंही तसंच. 56 गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीला, म्हणजे साडेतेरा पेनींना. 1909 मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून पुस्तक छापलं. बीचमच्या गोळीत निघाला काळा बोळ (कोरफडीचा सुकवलेला रस), सुंठ आणि साबण. अख्ख्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. म्हणजे गिऱ्हाईक शंभरपटीहून जास्त मोजत होतं. यकृतापासून डोकेदुखीपर्यंत सगळ्यावर सांगितलेलं हे औषध मुळात जुलाब करवणारं. हे पुस्तक निघालं तेव्हा कितीतरी वर्तमानपत्रांनी त्याची जाहिरात छापायला नकार दिला. औषधवाल्यांच्या जाहिरातींवरच त्यांचं पान भरत होतं.

आपल्या देशाशी थेट नातं असलेलं एक औषध म्हणजे क्लोरोडाइन. जॉन कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानातल्या फौजेचा डॉक्टर. पटकीवर उतारा म्हणून त्याने अफू, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क असं मिश्रण केलं. जुलाब थांबायचे हे खरं, पण सवयही लागायची.

कायदा आला तो 1868 मध्ये. अफूच्या बाटलीवर ‘विष’ अशी चिठ्ठी लावणं सक्तीचं झालं आणि विषबाधेने जाणारी तान्ही मुलं कमी झाली. पण पेटंट औषधांना त्यातून सूट होती. क्लोरोडाइनसारख्या औषधांवर ती चिठ्ठी यायला 1890 चं दशक उजाडलं, तेही कोर्टकचेऱ्या झाल्यावर. पुढे पार्लमेंटच्या समितीने या साऱ्या धंद्याची कसून चौकशी केली. तिचा अहवाल ज्या दिवशी निघाला, तो दिवस होता 4 ऑगस्ट 1914. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं. औषधाच्या वेष्टनावर घटक छापायची सक्ती झाली ती थेट 1941 मध्ये.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त सलतं ते हे, की दोष दिला गेला आईला. अडाणी, निष्काळजी, गिरणीच्या पैशाला हपापलेली, असं तिच्याविषयी अहवालांत आणि सभांमध्ये बोललं गेलं. बाटली भरणारा सुटला, शिक्का मारणारा सुटला, बाळंतिणीला रजा न देणारा गिरणीवालाही सुटला.

आणि हीच गोष्ट पुढे मुंबईत घडली. परळ-लालबागच्या कापड गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या बायका कामाला जायच्या. बाळ चाळीतल्या खोलीत. त्याला द्यायची ती बाळागोळी, अफूची. ती अफू सरकारी परवान्याच्या दुकानातूनच यायची आणि तिच्यावरचा महसूल सरकारच्या तिजोरीत जायचा. इथेही आयांनाच बोल लावले गेले. 1931 च्या कामगार आयोगाच्या अहवालातही मुलांना अफू देण्याचा हा विषय आला आणि त्यासोबत गिरणीत पाळणाघर हवं ही गोष्टही.

त्याआधी 1929 मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला होता. देशातला तो पहिलाच. आणि स्वातंत्र्यानंतर, 1948 च्या कारखाने कायद्यात, पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवणं मालकावर बंधनकारक झालं. हवेशीर, उजेडाची, स्वच्छ, आणि मुलं सांभाळायला शिकलेली बाई असलेली खोली. आणि बाळाला वेळच्या वेळी अंगावर पाजायला आईला काम सोडून तिथे जाता यावं, यासाठी नियम करण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती.